पिवळ्या मॉनिटरची तक्रार

बाबा पिवळे पडत चालले होते, आणि त्यावर उपाय म्हणून घरात नवा मॉनिटर आणायचं ठरलं.

हे ठरवणारी माणसं वेडी नव्हती. बाबा पिवळे पडताहेत हे घरात कुणाला माहीतच नव्हतं, खुद्द बाबांनाही. सुनेला दिसत होतं ते एवढंच, की पडद्यावरचे बाबा पिवळे आहेत. आणि पडद्यावर काही पिवळं दिसलं की दोष पडद्याचा, हे तिच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल.

सून फोटोग्राफर होती. माणसांचे फोटो ती काढत नसे. कानटोप्या, मफलर, हातमोजे, स्वेटर यांचे काढायची. लोकरीच्या कपड्यांच्या एका कंपनीचा कॅटलॉग दरवर्षी तिच्या घराच्या मागच्या खोलीत जन्माला यायचा. माणसं का नकोत, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "मफलर ऐन वेळी डोळे मिटत नाही."

तिचा नवरा जहाजावर इंजिनखोलीत होता आणि वर्षातले बरेच महिने पाण्यावर असायचा. जाताना त्याने बायकोला बाबांवर सोपवलंय की बाबांना बायकोवर, याबद्दल घरात दोन मतं होती. दोन्ही बाबांचीच होती. ज्या दिवशी जे सोयीचं ते.

बाबा म्हणजे शाळेतले कवायतीचे मास्तर. रिटायर झाले तेव्हा शाळेने शाल दिली, पण शिट्टी मागून घ्यायची राहिली. ती गळ्यात तशीच राहिली. घरी बसून काय करायचं हा प्रश्न बाबांना पडायच्या आतच सुनेने त्यांना स्टुलावर बसवलं आणि हातात एक राखाडी पुठ्ठा दिला.

हा पुठ्ठा वहीएवढा असतो आणि त्याला राखाडी असण्यापलीकडे काही काम नसतं. दिवे लावून झाले की तो वस्तूशेजारी धरायचा आणि एक फोटो काढायचा. मग कॉम्प्युटरवर त्या पुठ्ठ्यावर क्लिक करून त्याला सांगायचं, अरे, हे राखाडी आहे, यात दुसरा कुठलाही रंग नाही. की बाकीचे सगळे रंग आपापल्या बाकावर जाऊन बसतात, बाहेर मास्तरांच्या चपला वाजल्यासारखे. बाकीचे लोक पुठ्ठा चिमट्याने स्टँडला लावतात. इथे बाबा होते. डोक्यावर नमुन्याची टोपी, छातीशी पुठ्ठा, ताठ पाठ, आणि तयार झाल्याची खूण म्हणून एक शिट्टी.

"शिट्टीची गरज नसते, बाबा."

"गरज पुठ्ठ्याचीपण नसेल. तुला कुणी सांगितलंय, म्हणून तू धरायला लावतेस."

खरं तर तिचा भरवसा पुठ्ठ्यावर नव्हताच. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण क्लिक केलं की ती बघायची बाबांचा चेहरा. इतकी वर्षं तेच स्टूल, तेच दिवे, तोच चेहरा. गव्हाळ, नाकाच्या शेंड्यावर जरा तांबूस, डाव्या गालावर कुठल्याशा पोराने मारलेल्या चेंडूची जुनी खूण. बाबा बाबांसारखे दिसले की रंग बरोबर. नाही दिसले तर ती रंगाची पट्टी जराशी निळ्याकडे, जराशी पिवळ्याकडे सरकवत राहायची, आणि बाबा ओळखीच्या रंगावर आले की तोच आकडा सगळ्या टोप्यांना लावून मोकळी व्हायची. ही पद्धत कुठल्याही पुस्तकात नव्हती आणि कधी चुकली नव्हती.

त्या वर्षी चुकली. लोकरवाल्या बाईंचा फोन आला.

"अहो, क्रीम टोपी पांढरी आलीये छापून! आणि पांढरी टोपी निळी! बर्फात पुरून ठेवली होती का?"

"परत बघते, बाई."

"बघा, आणि नीट बघा. पुढच्या वेळेला असं झालं तर मला दुसरीकडे जावं लागेल. मला वाईट वाटेल, पण जावं लागेल."

सुनेने नमुन्याचा फोटो उघडला. पुठ्ठ्यावर क्लिक केलं. टोपी बरोबर, मफलर बरोबर, पण बाबा पिवळे. पिवळेपणा काढायला तिने सवयीने निळं घातलं होतं, आणि ते निळं सगळ्या टोप्यांना लागलं होतं. म्हणजे मॉनिटरच तिला पिवळं दाखवून फसवत होता.

"म्हातारा झालाय तो," बाबा मागून म्हणाले. "म्हातारपणी रंग उतरतो. माझ्याकडे बघ."

तिने बघितलं नाही. ती मॉनिटरकडे बघत होती.

दुकानात एका भिंतीवर मॉनिटर ओळीने लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच पोपट एकच पंख फडफडवत होता. दुकानदार बारीक, गंभीर, इस्त्रीचा माणूस. मॉनिटर विकण्यापेक्षा तो जणू चांगल्या घरी द्यायचा. सुनेने त्याला सांगितलं, पडदा चकचकीत नको, त्यात माझंच तोंड दिसतं. बाजूने बघितलं तरी रंग बदलायला नको. झगमगाट कमी करता आला पाहिजे, कागद काही दिव्यासारखा पेटत नाही.

"ताई, तुम्ही पहिल्या गिऱ्हाईक आहात, ज्यांनी किती इंची ते नाही विचारलं," दुकानदार म्हणाला. त्याच्या आवाजात लग्न जमल्याचा आनंद होता.

मग तिने पेन ड्राइव्ह काढला. पोपट गेला आणि भिंतभर बाबा आले. टोपीतले, पुठ्ठा धरलेले, ताठ बाबा. एकात तांबडे, एकात हिरवट, बहुतेकांत पिवळे. खरे बाबा मध्ये उभे राहून आपल्याच रांगेची पाहणी करत होते.

"पोलिसांनी मला पकडलंय, असं दिसतंय," ते म्हणाले. "गुन्हा काय, तेवढं सांगा."

दुकानात सजावटीचे जांभळे-निळे दिवे होते. त्या उजेडात दुकानदार, सून, बाबा आणि कोपऱ्यातला पंखा असे सगळे सारखेच आजारी दिसत होते.

सून एका मॉनिटरपुढे थांबली. तिथले बाबा अगदी बाबांसारखे होते. गव्हाळ, नाकाचा शेंडा तांबूस.

"हा."

दुकानदाराचा चेहरा पडला. "ताई, हा नको. हा निळा आहे. गेम खेळणाऱ्या मुलांसाठी ठेवलाय. तुमच्या कामाचा तो बाजूचा."

"बाजूच्यात माझे सासरे पिवळे दिसतात."

"असतील, पण—"

"माझ्या सासऱ्यांचा रंग मला माहीत असणार की तुम्हाला?"

त्याने हात टेकले. अख्ख्या भिंतीवरचा सगळ्यात खोटा मॉनिटर निवडून ती घरी आली, कारण त्यात तिचं माणूस ठीक दिसत होतं.

या मॉनिटरवर बाबा ठीक, पण टोप्या निळसर दिसल्या, म्हणून तिने टोप्यांना पिवळं घातलं; त्या नमुन्याच्या पानांचं काय झालं ते सांगायला नको. लोकरवाल्या बाईंनी या वेळेला फोनवर आवाजही चढवला नाही. मॉनिटर परत गेला. दुकानदाराने "मी म्हटलं नव्हतं का" हे वाक्य ओठांवर आणून गिळलं आणि बाजूचा दिला.

तो घरी लागला. बाबा स्टुलावर बसले, शिट्टी वाजली, क्लिक झालं. बाबा पिवळे.

"हाही पिवळा आहे," ती फोनवर म्हणाली.

"ताई, तो पिवळा नाही. तो खरा आहे. डोळ्याला निळ्याची सवय झालेली असते. आठवडाभर वापरून बघा, डोळा वळणावर येईल."

तिने आठवडाभर वापरला. बाबा आणखी पिवळे झाले. मॉनिटर आठवड्यात बिघडतोय, हे तिने दुकानदाराला ठणकावून सांगितलं. दुकानदाराने तो परत घेतला, पण त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता हे खोकं उचलण्याच्या पद्धतीवरून कळत होतं.

या दिवसांत घराचंही काही खरं नव्हतं. भिंतीचा रंग पडद्यावर सांडतो म्हणून सुनेने मागची खोली राखाडी करून घेतली. पडदे राखाडी. स्वतः राखाडी टी-शर्ट घालू लागली, बाबांनाही दोन आणले. "ढगात राहतोय," बाबा म्हणायचे. त्या राखाडी खोलीत रंग असलेली वस्तू अशी एकच उरली होती, आणि ती स्टुलावर बसून पाठ खाजवत होती.

पाठ खाजवायला बाबांनी फूटपट्टी घेतली होती. खाज लोकरीमुळे, असं ठरलं होतं. पोट उतरलं होतं, त्याचं श्रेय सकाळच्या बैठकांना. पट्टा नव्या भोकावर आला तेव्हा त्यांनी सुनेला बोलावून दाखवला. "बघ! तुझ्या नवऱ्याला या वयात जमेल का?" जेवण अर्धं राहायचं, पण मास्तरांनी आयुष्यभर मुलांना अर्धपोटी जेवा हेच शिकवलेलं. आणखी एक गोष्ट फक्त बाबांना, एकट्याला, बाथरूममध्ये दिसत होती. तिचाही एक रंग होता. पण ती काही सुनेला सांगायची गोष्ट नव्हती.

नवऱ्याचा व्हिडिओ कॉल यायचा, तुकड्या-तुकड्यांनी.

"बाबा पिवळे का दिसतायत गं?"

"तुझा फोन तसला आहे. मला तू हिरवा दिसतोयस."

"मी इथे हिरवाच आहे," तो म्हणाला, "समुद्र खवळलाय." तिघं हसले आणि कॉल तुटला. एव्हाना तीन मॉनिटर आणि जहाजावरचा एक फोन दोषी ठरले होते.

शेवटी दुकानदाराने तेच मॉडेल नव्या खोक्यातून पाठवलं आणि बरोबर स्वतःचं मोजायचं यंत्र दिलं. चिठ्ठी नाही, निरोप: "आता यंत्रच सांगेल कोण पिवळं ते." रागावलेला माणूस कधी कधी किती खरं बोलून जातो ते त्यालाही कळत नाही.

यंत्र म्हणजे मुठीत मावेल अशी काळी डबी. ती पडद्यावर लोंबकळत ठेवायची. मागच्या बाजूला वजन, म्हणजे घसरत नाही. पडदे ओढायचे, मॉनिटर अर्धा तास तापू द्यायचा. मग कॉम्प्युटर डबीखाली एकामागून एक रंग दाखवतो. डबी प्रत्येक रंग बघते आणि सांगते, मागितला होता तो हा नाही, यात इतकं तांबडं जास्त. तसा तो सुधारायचा. याला कॅलिब्रेट करणं म्हणतात.

बाबांना हा प्रकार फार आवडला. ते खुर्ची घेऊन शेजारीच बसले.

"डॉक्टर आलेत," ते मॉनिटरला म्हणाले. "घाबरू नकोस. छातीला लावतील. श्वास घे. सोड."

डबीखाली लाल आला, हिरवा आला, निळा आला.

"जीभ दाखव."

"बाबा, उजेड हलतोय, मागे सरका."

"नातेवाइकांनी बाहेर थांबावं म्हणतेय," बाबा मॉनिटरला म्हणाले आणि मागे सरकले.

निकाल आला. मागितलेला रंग आणि दाखवलेला रंग यांतला फरक इतका कमी, की माणसाच्या डोळ्याला दिसणारही नाही. मॉनिटर ठणठणीत होता. सुनेचा जीव भांड्यात पडला. तिने बाबांना स्टुलावर बसवलं, निळी टोपी घातली, पुठ्ठा दिला. शिट्टी. फोटो. क्लिक.

बाबा पिवळे.

आता तिने पुठ्ठ्यावर संशय घेतला. हाताळून मळला असेल. कपाटात नवा कोरा होता, तो बाबांच्या हातात दिला. शिट्टी. क्लिक. पिवळे. मग तिने एक साधी गोष्ट केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. गेल्या हिवाळ्यातला बाबांचा फोटो उघडून शेजारी ठेवला.

डावीकडे गेल्या वर्षीचे बाबा, उजवीकडे आत्ताचे. एकच पडदा, एकसारखेच दिवे. दोन्हीकडे पुठ्ठा तोच राखाडी. टोपीही दोन्हीकडे तीच, तितकीच निळी. तिने आधी टोपी तपासली. मग पुठ्ठा पुन्हा तपासला. मग मागची भिंत, स्टुलाचा पाय, शिट्टीची दोरी. सगळं जुळत होतं. जुळत नव्हतं असं एकच काहीतरी होतं, आणि तिथे यायला तिने शक्य तितका वेळ लावला.

मग ती खुर्चीवरून मागे वळली.

बाबा स्टुलावर होते. तोंडात शिट्टी, 'झालं का' अशी भुवई वर.

तिने खिडकीचा पडदा सरकन बाजूला ओढला. दुपारचा उजेड आत आला.

"इकडे या, बाबा. खिडकीपाशी."

"पुठ्ठा घेऊन?"

"राहू दे पुठ्ठा. वर बघा."

"वर काय आहे?"

"काही नाही. नुसतं वर बघा."

बाबांनी कवायतीत शिकवतात तशी मान वर केली. तिने बोटाने त्यांची खालची पापणी जराशी ओढली. लोकरवाल्या बाईंच्या क्रीम टोपीचा रंग इतके दिवस कॅटलॉगात सापडत नव्हता. तो रंग तिथे होता, बाबांच्या डोळ्यांत, पांढरं असायला हवं तिथे सगळीकडे.

"काय झालं गं? आणखी एक मॉनिटर परत करायचाय का?"

सून त्यांच्या डोक्यावरची निळी टोपी काढून हातात घेऊन उभी राहिली.

डॉक्टर बाई सौम्य होत्या. त्यांनी बाबांच्या पोटावरून एक थंड यंत्र फिरवलं, मग त्यांना दुसऱ्या मोठ्या यंत्रात घातलं. बाबा म्हणाले, "मला परत करता येतं का, ते विचार." सुनेने विचारलं नाही.

"हे कधीपासून पिवळे दिसतायत?" डॉक्टरांनी विचारलं. असं विचारलं की घरचे लोक एकमेकांकडे बघतात, आठवत नाही म्हणतात. सुनेने लॅपटॉप उघडला. महिन्यामागून महिने, एकाच स्टुलावर, एकाच उजेडात, हातात पुठ्ठा धरलेले बाबा, हळूहळू, एकेका फोटोत पिवळे होत जाणारे. डॉक्टर बराच वेळ बघत राहिल्या.

"इतकं नीट टिपलेलं दुखणं मी आजवर पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. मग सुनेचा चेहरा बघून त्यांना ते वाक्य परत घ्यावंसं वाटलं असावं.

स्वादुपिंडात गाठ होती. तिने पित्ताची वाट अडवली होती, म्हणून कावीळ. गाठ बाहेरही पसरली होती. नळी घालून वाट मोकळी करता येईल, कावीळ उतरेल, खाज जाईल, डॉक्टर म्हणाल्या. गाठ मात्र राहील.

"आधी आलो असतो तर?" सुनेने विचारलं.

"फार फरक पडला नसता." हे म्हणताना डॉक्टर फाइल बघत होत्या.

नळी घातली. आणि बाबा उतरले. म्हणजे त्यांचा पिवळा रंग उतरला. रोज थोडा, आधी कपाळावरून, मग गालावरून, सगळ्यात शेवटी डोळ्यांतून. नवरा जहाज सोडून घरी आला तेव्हा दारात उभे असलेले बाबा गव्हाळ होते आणि नाकाचा शेंडा तांबूस होता. नवऱ्याला वाटलं फोनवर सगळ्यांनी मिळून आपल्याला घाबरवलं. तो बाबांना मिठी मारायला पुढे झाला, आणि मिठीत किती कमी बाबा आले ते त्याला कळलं.

"कॅलिब्रेट झालो," बाबा त्याच्या खांद्यावरून सुनेला म्हणाले. "तुझं यंत्र आण, मोजून घे."

कॅटलॉग पुन्हा पहिल्यापासून करायचा होता. लोकरवाल्या बाईंना सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, सावकाश करा. सावकाश करायला वेळ नव्हता, हे त्यांना सोडून बाकी सगळ्यांना माहीत होतं.

"मी बसणार," बाबा म्हणाले.

"चिमटा लावते मी पुठ्ठ्याला. तुम्ही झोपा."

"चिमट्याला शिट्टी वाजवता येते का?"

स्टूल जाऊन पाठीची खुर्ची आली. पाठीमागे उशी, ती फोटोत येऊ नये म्हणून तिलाही राखाडी अभ्रा. नवरा दिवे सरकवायचा, चुकीच्या बाजूला, आणि दोघांच्याही शिव्या खायचा. बाबा टोप्या घालायचे, काढायचे, मध्येच डोळे मिटायचे. मफलर डोळे मिटत नाही, हे सुनेला आठवायचं आणि ती थांबायची.

पुठ्ठ्यावर क्लिक केलं की सगळं बरोबर यायचं. टोपी बरोबर, मफलर बरोबर, बाबा बरोबर. तिला पट्टी कुठेही सरकवावी लागायची नाही. इतका अचूक रंग त्या खोलीत कधीच आला नव्हता. गालांची हाडं वर आलेली, मान शर्टाच्या कॉलरमध्ये हरवलेली, आणि त्या सगळ्याचा रंग अगदी निरोगी. पिवळे होते तेव्हा निदान काहीतरी चुकलंय असं पडदा सांगत होता. आता तोही काही सांगेना.

एकदा नवरा औषधं आणायला गेला होता तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी रोज तुमच्याकडे बघत होते. रोज."

"मग? मीपण रोज दाढी करत होतो." बाबांनी पुठ्ठा मांडीवर ठेवला. "रोज आरशात बघत होतो. मी आरसा परत केला का?"

ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"आणि मला तर आणखीही काही दिसत होतं," ते जरा वेळाने, खिडकीकडे बघत म्हणाले. "ते तुला कसं सांगणार? म्हटलं, ताकदीच्या गोळ्या घेतो ना मी, त्यांचा रंग असेल. माणूस आपल्या सोयीचं काहीतरी शोधतोच. तू मॉनिटर शोधलास, मी गोळ्या. चल, ती लाल टोपी दे. लाल टोपीत मी बरा दिसतो."

लाल टोपीचा फोटो शेवटचा निघाला. त्या दिवशी शिट्टीत पुरेसा वारा गेला नाही. नुसता आतला दाणा खुळखुळला. सुनेने तरी ती वाजली असं धरून फोटो काढला.

कॅटलॉग छापून आला तेव्हा बाबा नव्हते. लोकरवाल्या बाईंचा फोन आला. "आता कसं! क्रीम म्हणजे क्रीम!" त्या म्हणाल्या, आणि मग एकदम आठवून रडायलाच लागल्या. त्यांना समजवायचं काम सुनेकडे आलं. नवरा काही दिवस राखाडी खोलीत येऊन नुसता बसायचा, मग त्याच्या जहाजाचं बोलावणं आलं. जाताना या वेळी कुणाला कुणावर सोपवायचं हे त्याला कळेना. त्याने गॅसची टाकी बदलली, दाराच्या कडीला तेल घातलं आणि गेला.

काही दिवसांनी बेल वाजली. दारात दुकानदार, इस्त्रीचा शर्ट, हातात खोकं.

"ताई, माझं यंत्र न्यायला आलोय. आणि हा." त्याने खोकं पुढे केलं. "तुम्ही परत केलेला. दुसरा. कंपनी म्हणते यात दोष नाही. मी सांगितलं, गिऱ्हाईक म्हणतं पिवळा आहे. ते म्हणतात गिऱ्हाईक पिवळं असेल. आता तुम्हीच सांगा. मला एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचंय, मग मी झोपेन."

तिने त्याला आत घेतलं. त्यानेच मॉनिटर काढला, जोडला, कापडाने पुसला. डबी लोंबकळत ठेवली. पडदे ओढून दोघं अंधारात बसले आणि डबीखाली लाल आला, हिरवा आला, निळा आला. निकाल लागला. मॉनिटर ठणठणीत होता.

"बघा!" दुकानदार उठून उभाच राहिला. इतक्या महिन्यांचा अपमान त्याच्या खांद्यांवरून उतरताना दिसला. "बघा! पिवळा नव्हता!"

"नव्हता," ती म्हणाली. "तुमचं बरोबर होतं. दोन्ही वेळेला बरोबर होतं. मी चुकीची तक्रार केली. माफ करा."

माफी इतकी सरळ मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. भांडायची तयारी वाया गेल्यासारखा तो घुटमळला.

"मग तेव्हा पिवळं होतं काय?"

"सासरे."

दुकानदार मोठ्याने हसला. मग ती हसत नाही हे त्याने पाहिलं. त्याने भिंतीकडे पाहिलं, पाठीच्या खुर्चीकडे, खुर्चीच्या कोपऱ्याला अडकवलेल्या शिट्टीकडे.

"ते?" तो हळूच म्हणाला. "भिंतभर होते ते?"

"हो."

तो बराच वेळ कापडाने मॉनिटरची स्वच्छ कड पुसत राहिला. मग धंद्यातलंच बोलला. "ताई, एक नमुना काढून बघायचा का? म्हणजे माझी पूर्ण खात्री होईल. पुठ्ठा मी धरतो."

तो खुर्चीत बसला. पुठ्ठा त्याने परीक्षेचा पेपर धरावा तसा धरला, खूप वर. डोक्यावर तिने उरलेली एक क्रीम टोपी घातली. कॅमेऱ्यामागे जाऊन ती उभी राहिली. तयार झाल्याची काही खूण येईल म्हणून ती थांबली. दुकानदारही थांबला. खोलीत पंख्याचा आवाज होता.

मग कॅमेरा तसाच सोडून ती खिडकीपाशी गेली आणि तिने पडदा सरकवला.

"जरा इकडे या. उजेडात."

तो टोपीसकट, पुठ्ठ्यासकट आला. ती त्याच्या अगदी समोर उभी राहिली आणि तिने बोट त्याच्या डोळ्याखाली टेकवलं.

"वर बघा."

दुकानदाराने वर बघितलं. तो हलला नाही, श्वासही जपून घेत राहिला. ती एक डोळा बघून दुसऱ्याकडे गेली, मग पुन्हा पहिल्याकडे आली.

"ताई," तो शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॉनिटर तिकडे आहे."